प्रयोगशाळा रात्री उघडी, वसतिगृह साडेआठला बंद

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे नुसतंच ‘नेटवर्किंग’ असं छापलं गेलंय. त्यामुळे सकाळपासून तिघीजणींनी मला विचारलं, की अहो, संस्थांचं नेटवर्किंग मागच्याच शिबिरात झालं, पुन्हा तेच कशाला? म्हणून आधीच सांगते. मी बोलणार आहे ते संगणकांच्या नेटवर्किंगबद्दल, तेही विद्यापीठात पदव्युत्तर पातळीवर शिकवलं जातं त्याबद्दल, आणि तो विषय शिकणाऱ्या मुलींबद्दल. मी इंजिनिअर नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मी केसवर्क शिकले, ग्रुपवर्क शिकले, वस्तीत जाऊन बसायला शिकले. राउटर हा शब्द काही कुठल्या पेपरात आला नव्हता. तो माझ्या टेबलावर आला एका केसमुळे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक बाई आमच्या सल्ला केंद्रात आली. नवऱ्याची मारहाण होती, पैशाची कोंडी होती, आपण रोज ऐकतो तेच. तिने आमच्या केंद्राचा पत्ता दुपारी घरात कोणी नसताना फोनवर शोधला होता. दुसऱ्या खेपेला ती आली तेव्हा नवरा आमच्या फाटकाशी तिच्या आधीच येऊन उभा. आणि तिने फोनवर काय काय शोधलं होतं ते त्याने तिला तोंडावर म्हणून दाखवलं. पोटगीबद्दल वाचलं होतं तेसुद्धा!

आम्ही काय केलं? आम्ही माणसांवर संशय घेतला. हे मी कबुलीजबाब म्हणूनच सांगते आहे. शेजारीण सांगत असेल, म्हणालो. मग बहिणीवर संशय गेला, कारण तिला सगळं माहीत होतं. त्या दोघी बहिणी पुढे सात-आठ महिने बोलत नव्हत्या. त्यानंतर आमच्यातल्या एकीने फोन दुरुस्तीच्या दुकानात नेला. तो मुलगा म्हणाला, हॅक झाला असेल, फॉरमॅट मारून देतो. दिला मारून. त्या फोनमध्ये तिच्या पाठीवरच्या आणि दंडावरच्या वळांचे फोटो होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि नवऱ्याला कळायचं ते कळतच राहिलं.

त्या सुमारास एक विद्यार्थिनी शनिवारी आमच्याकडे कामाला येत असे. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ती नेटवर्किंग या विषयात एम.टेक. करत होती. आम्ही तिला काय काम दिलं होतं, तर जुन्या फायलींची यादी करायचं! तिने आमचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, मी त्या ताईंशी बोलू का?

तिने फोन हातात घेतला नाही. तिने प्रश्न विचारले. घरात वायफाय आहे का, तो डबा कोणत्या खोलीत, पासवर्ड कोणी घातला. तुम्ही माहेरी गेला होतात तेव्हा घरचं वायफाय नव्हतंच, मोबाइलचा डेटा वापरलात, तेव्हा शोधलेलंही त्याला कळलं का? बाई म्हणाली, हो, तेही कळलं. मग ही मुलगी म्हणाली, म्हणजे घरातला डबा दोषी नाही, निदान एकटा नाही. आता वर चढू. पुढच्या दहा मिनिटांत उलगडा झाला. फोन घेतला तेव्हा त्यावरचं खातं नवऱ्याने उघडलं होतं आणि तेच खातं त्याच्या कामाच्या ठिकाणच्या संगणकावरही उघडं होतं. तिने काय शोधलं, ती कुठे गेली, सगळं त्याला तिथे बसून दिसत होतं. फॉरमॅट करून पुन्हा तेच खातं घातल्यावर दुसरं काय होणार?

मला त्या दिवशी जाणवलं ते असं, की तिला उत्तर आधीपासून माहीत नव्हतं. तिच्याकडे शोधायची रीत होती. नेटवर्क थरांचं असतं. खाली तार किंवा लहरी, त्यावर पत्ते, त्यावर पोचवण्याची हमी आणि सगळ्यात वर आपण बोटाने उघडतो ते ॲप. बिघाड शोधताना एकेक थर निर्दोष ठरवत जायचं. हे ती विद्यापीठात शिकली होती. आम्ही मात्र माणसाच्या स्वभावात शिरलो आणि तिथेच अडकलो.

आणखी एक गोष्ट तिने थांबवली. मी म्हणाले, आता लगेच पासवर्ड बदलून टाकू. ती म्हणाली, ताई, एकदम सगळं बंद झालं तर त्याला कळेलच की हिला कळलंय. मग आज रात्री घरी काय होईल? हे खरं तर मी तिला सांगायला हवं होतं. आम्ही ठरवलं की तो फोन तसाच चालू ठेवायचा, त्यावर स्वयंपाकाच्या पाककृती आणि मालिका पाहायच्या. आमच्याशी बोलायचं ते शेजारच्या शिवणवर्गातल्या फोनवरून. बाई घराबाहेर सुरक्षित पडेपर्यंत अडीच महिने हे असं चाललं.

घरातला डबा त्या केसमध्ये दोषी नव्हता. पण तो दोषी असूही शकतो. हे समजायला जरा आत जावं लागेल, कंटाळू नका.

फोनवर एखादं पान उघडलं की मजकूर लहान लहान पाकिटांत घालून पाठवला जातो. प्रत्येक पाकिटावर कुठून कुठे जायचं तो पत्ता. राउटर म्हणजे पत्ता वाचून पाकीट पुढे ढकलणारं यंत्र. आपल्या घरातला वायफायचा डबा हाही राउटरच. आजकाल बहुतेक पाकिटं चिकटवलेली असतात, आतला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. पण पत्ता असतो आकड्यांचा आणि आपण लिहितो नाव. म्हणून फोन आधी चौकशी करतो की या नावाचा आकडा काय. ही चौकशीची पद्धत १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी रचली. तेव्हा त्या जाळ्यावर होती विद्यापीठं, संशोधन संस्था, सैन्याची कार्यालयं. सगळे एकमेकांच्या ओळखीतले. त्यामुळे ही चौकशी जाते उघड्या पोस्टकार्डासारखी. ज्याच्या ताब्यात घरातला राउटर, त्याला ठरवलं तर ही पोस्टकार्डं वाचता येतात. तुम्ही केंद्राच्या पानावर काय वाचलंत हे त्याला कळणार नाही. पण केंद्राच्या पानावर गेलात हे कळू शकेल. आपल्या बायांना मार खायला तेवढं पुरतं.

हीच चौकशी पाकिटात घालून करायची एक पद्धत २०१८ साली प्रमाणित झाली. म्हणजे मध्ये पस्तीस वर्षं गेली! आणि ती आली तीसुद्धा कोणामुळे? २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारची पाळत उघड केली. त्यानंतर इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आय.ई.टी.एफ. या मंडळाने २०१४ साली जाहीर केलं की सर्वव्यापी पाळत हा नेटवर्कवरचा हल्लाच मानावा. चांगलंच झालं. पण बघा, रचना करणाऱ्याच्या मनात शत्रू कोण असतो? परका चोर, नाहीतर सरकार. आपल्या केसमधला शत्रू आत असतो, जेवायच्या पाटावर असतो आणि बिल तोच भरतो. राउटर त्याच्या नावावर, म्हणून तंत्राच्या भाषेत तो ‘अधिकृत’ माणूस. घराचा मालक म्हणजे विश्वासाचा माणूस, हे गृहीत आपण कुटुंबाबद्दल मांडलेलं किती वर्षं खोडतो आहोत! ते इथे तारांमध्ये बसलंय.

त्या आय.ई.टी.एफ.ला सभासदत्व नाही, कुणीही मत मांडू शकतं. दार उघडं आहे. पण तिथे मत मांडायचं तर हा विषय वरच्या पातळीपर्यंत शिकलेलं असावं लागतं. म्हणून मला या मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलायचं आहे.

त्या काय शिकतात? पदवीच्या वर्षांत नेटवर्कचे थर, पत्ते, नियम एवढं होतं. एम.टेक.ला त्याच्या पुढचं. कोंडी झाली की काय करायचं, एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात वाट कशी ठरते, हजारो यंत्रांचं जाळं एका जागेवरून कसं चालवायचं, सुरक्षितता. ती मुलगी मला कोंडीचं उदाहरण सांगायची. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या दोन ठिकाणांमध्ये, अंतर जेमतेम चारशे यार्ड, जाळं इतकं तुंबलं की सेकंदाला ३२ हजार बिट जायचे ते ४० वर आले. हजार नव्हे, नुसते ४०. सगळ्यांनी एकदम पाठवायचं, पोचलं नाही की पुन्हा पाठवायचं, त्याने गर्दी आणखी वाढायची. व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय काढला, की कोंडी दिसली की प्रत्येकाने आपणहून हात आखडता घ्यायचा. त्यांच्याबरोबर सॅली फ्लॉइड या संशोधक बाईंनी १९९३ साली पुढची पायरी मांडली. रांग भरून वाहायची वाट न बघता राउटरने आधीच काही पाकिटं टाकून द्यायची, म्हणजे पाठवणारे वेळेवर सावरतात. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला हे लगेच कळेल, असं आमची विद्यार्थिनी म्हणायची. मला कळायला दोन चहा लागले.

दुसरं नाव रेडिया पर्लमन यांचं. तारांनी जोडलेल्या जाळ्यात कुठे गोल फेरा तयार झाला तर पाकिटं त्यात फिरतच राहतात आणि जाळं बंद पडतं. १९८५ साली त्यांनी असा नियम शोधला की यंत्रं आपसात बोलून फेरे तोडतील आणि जाळ्याचं झाड करतील. कुणी वरून हुकूम द्यायला नको. जगभरच्या कार्यालयांत तो नियम वापरला गेला. लोक त्यांना इंटरनेटची आई म्हणतात, ते बाईंना स्वतःला आवडत नाही. बरोबरच आहे. पुरुषाने शोध लावला की शास्त्रज्ञ, बाईने लावला की आई!

पर्लमन यांच्या दोन आठवणी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, सत्तरच्या दशकात त्या तीन-चार वर्षांच्या मुलांना संगणक शिकवण्याची साधनं बनवत होत्या. फार नवं काम होतं. पण आसपास त्या एकट्याच बाई, आणि काम काय, तर गोड गोड पोरांचं. आपल्याला कुणी शास्त्रज्ञ म्हणून गंभीरपणे घेणार नाही या संकोचाने त्यांनी ते सोडलं. दुसरी आठवण वसतिगृहाची. एम.आय.टी. या नावाजलेल्या संस्थेत त्यांच्या वर्गात सुमारे हजार विद्यार्थी, त्यांत मुली पन्नासच्या आसपास. सुरुवातीला तिथे मुलींचं वसतिगृह एकच होतं. त्यात जेवढ्या खाटा, तेवढ्याच मुली. म्हणजे गणित किती येतं हे नंतर, आधी खाट.

आता आपल्याकडे येऊ. आमच्या या विद्यार्थिनीचं महाविद्यालय. नाव सांगत नाही, कारण कुठल्याही जिल्ह्यात घातलंत तरी बसेल. नेटवर्किंगची प्रयोगशाळा आहे, राउटर आणि स्विचेस लोखंडी मांडणीत लावलेले. दिवसभर पदवीच्या मुलांचे तास. एम.टेक.च्या प्रकल्पाला यंत्रं मोकळी मिळतात संध्याकाळी सहानंतर. शिवाय कॅम्पसच्या खऱ्या जाळ्यावर मोजमाप करायचं तर गर्दी नसताना, म्हणजे रात्री दहानंतर, कारण चुकून काही बंद पडलं तर परीक्षा विभागाचं काम थांबायला नको. प्रयोगशाळेची किल्ली रखवालदाराकडे रात्रभर. मुलांचं वसतिगृह रात्रभर उघडं. मुलींचं वसतिगृह साडेआठला बंद. उशीर झाला तर वडिलांना फोन.

याचा परिणाम काय होतो बघा. चौघांच्या गटात दोन मुली. रात्री यंत्रं हाताळणार मुलगे. मग आपोआप कामाची वाटणी ठरते. मुलींनी अहवाल लिहायचा, तक्ते रंगवायचे, सादरीकरण करायचं. कुणी दुष्टपणा केला नाही, सर चांगले आहेत. पण तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक विचारतात, हा मार्ग असा का बदलला? आणि मुलगी गप्प, कारण तो बदलला तेव्हा ती कुलपाआड होती. वर ऐकायला मिळतं की मुलींना थिअरी जमते, प्रॅक्टिकल नाही.

या मुलींनी अर्ज केला. अर्ज लिहायला आम्ही मदत केली, आणि इथे एक गोष्ट टिपून घ्या, तुमच्या उपयोगाची आहे. लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत, २०१६ साली अधिसूचित झालेले. त्यांत म्हटलंय की विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून वसतिगृहात त्यांच्यावर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत. २०१५ सालीच दिल्लीत ‘पिंजरा तोड’ या नावाने विद्यार्थिनी याच प्रश्नावर रस्त्यावर आल्या होत्या. तेव्हा अर्जात मेहेरबानीची भाषा नको, विनियमाचा उल्लेख करा.

रेक्टरबाईंनी अर्ज वाचला आणि एक फाइल उघडून आमच्यापुढे ठेवली. पालकांची पत्रं. ‘आमच्या मुलीला साडेआठनंतर सोडू नये.’ अर्ज करणाऱ्या अकराजणींपैकी सात जणींच्या घरची पत्रं त्यात होती. आमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांचंही होतं. तिला ते तिथे पहिल्यांदा कळलं. आता काय बोलणार? मी त्या रेक्टरबाईंना खलनायिका करणार नाही. उद्या काही झालं तर निलंबित त्याच होणार आहेत, रखवालदार नाही आणि प्राचार्यही नाहीत. मी पालकांकडे गेले, तीन घरी. एका आईने मला विचारलं, रात्री यंत्रापाशी बसून तुमचा कसला अभ्यास? मी त्यांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं. त्या आल्या, तासभर बसल्या, मुलीने तार ओढून दाखवली आणि दुसऱ्या वाटेने पाकिटं जाताना दाखवली. त्यांनी पत्र परत घेतलं. बाकीच्या दोन घरांनी नाही घेतलं.

शेवटी पदरात काय पडलं? अकरा वाजेपर्यंतची परवानगी, फक्त प्रयोगाच्या रात्री, मार्गदर्शकांच्या सहीने आणि फाटकावर यादी. मुलांची यादी नाही. ही जिंकलेली लढाई आहे असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण त्या सत्रात दोन मुलींनी आपले प्रयोग स्वतःच्या हाताने पुरे केले, हेही खरं.

पुढे नोकरी. नेटवर्क सांभाळण्याचं काम चोवीस तासांचं असतं आणि बदल करायची वेळ मध्यरात्रीनंतरची. कायद्याची आता अडचण उरलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रीच्या संमतीने आणि संरक्षणाची व्यवस्था करून रात्री साडेनऊनंतरही काम देता येतं. तरी मुलाखतीत मुलींना विचारलं जातं, रात्रपाळी जमेल का, घरचे काय म्हणतात? मुलांना नाही. मग मुली जातात चाचणीच्या किंवा कागदपत्रांच्या कामाला.

आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना गिरण्यांची आठवण होईल. विसाव्या-तिसाव्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत जवळजवळ पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. पुढे तो हिस्सा घटत घटत अगदी नगण्य झाला. रात्रपाळीची बंदी हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण बायका परवडत नाहीत म्हणायला मालकाला ते सोयीचं झालं. दुसऱ्या बाजूला, २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर कंपनीच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला, हेही आपण विसरू शकत नाही. भीती खोटी नाही. माझं म्हणणं एवढंच, की भीतीचा खर्च कंपनीने आणि महाविद्यालयाने उचलावा. आज तो मुलगी आपल्या अभ्यासातून भरते.

फीबद्दल थोडक्यात. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वस्तीतल्या मुलींना हे सांगा, अनेकींना माहीत नसतं. पण लॅपटॉप, खोली, खाणावळ आहेच. आणि इंग्रजी पाठ्यपुस्तक. आमची विद्यार्थिनी दहावीपर्यंत मराठी शाळेतली. पहिलं वर्षभर ती प्रत्येक धड्याचा अर्थ वहीत मराठीत लिहून काढायची. ती वही मी मागून घेतली आहे आणि केंद्रातल्या आम्ही पाचजणी दर बुधवारी तिच्यातली दोन पानं वाचतो. आता नव्या केसच्या नोंदीत आम्ही चार प्रश्न जास्तीचे विचारतो. फोन कोणी घेतला, खातं कोणी उघडलं, वायफायचा डबा कोणाच्या ताब्यात आहे, तो घराबाहेर असताना त्याला काय काय कळतं.

त्या बाईचं सांगायचं राहिलं. ती आता बहिणीकडे राहते. दोघी बोलतात. वळांचे फोटो मात्र मिळाले नाहीत, आणि पुराव्याचा तो भाग वकिलांना साक्षीवर निभावून न्यावा लागला.

जेवणानंतर ती मुलगी स्वतः येणार आहे. भंगारातून दोन जुने राउटर आणते आहे, उघडून दाखवेल. आपापले फोन चार्ज करून ठेवा, चौघी-चौघींचे गट करू. घरच्या वायफायचा पासवर्ड ज्यांना माहीत आहे त्यांनी उजवीकडे बसायचं, नाही त्यांनी डावीकडे. सत्र बरोबर दोनला सुरू करू या, कारण तिला साडेपाचची एस.टी. गाठायची आहे. आज प्रयोगाची रात्र नाही.